गिडियन फॉल्स : पुस्तक हातात फिरवत वाचायचं कॉमिक

आधी निकाल सांगून टाकतो, वेळ असेल त्यांनी पुढे वाचावं. ‘गिडियन फॉल्स’चे पहिले दोन खंड डोळे झाकून घ्या. तिसरा घ्यायचा की नाही हा प्रश्न दुसरा संपल्यावर उरतच नाही, त्याचा शेवटच तसा आहे. चौथ्या-पाचव्यात गोष्ट थोडी हातातून निसटते. आणि काहीही करा, मोबाइलवर वाचू नका. का ते पुढे येईलच.

मी वसईचा, नोकरी प्री-प्रेसमध्ये. डिझायनरने पाठवलेली फाइल प्लेटवर जाण्याआधी तिच्यातल्या भानगडी निस्तरायच्या, हे माझं काम. ब्लीड (कापताना जाणारी कडेची जादा जागा) सोडलंय का, बारीक अक्षरांचा काळा चार रंगांत फुटलाय का, एखादा फोटो आरजीबीतच, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतच राहिलाय का. या धंद्यात माणूस पुस्तक वाचत नाही, तपासतो. आमच्याकडे कॅटलॉगचं काम घेऊन येणाऱ्या एका डिझायनर मुलीने पहिला खंड माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “काका, असा काळा पाहिजे मला. नुसता काळा नको, असा.” मी काळा बघायला म्हणून पुस्तक उघडलं. तिचा कॅटलॉग त्या दिवशी मागे पडला तो पडलाच.

कॉमिक्सशी माझा संबंध इंद्रजालपाशी संपलेला. वेताळ आणि मँड्रेक मराठीतून वाचून आम्ही मोठे झालो, 1990 मध्ये इंद्रजाल बंद पडलं आणि तो विषय मिटला. मधल्या काळात सुपरहिरोंचे सिनेमे मुलीबरोबर पाहिले, पण छापील कॉमिक विकत घ्यावं असं कधी वाटलं नाही. म्हणून सांगतो, माझ्यासारखा या वाटेला न जाणारा वाचकही याच्यात अडकतो. आधीचं काही माहीत असावं लागत नाही. कुठल्या मोठ्या विश्वाचा हा बावन्नावा भाग वगैरे भानगड नाही. मार्च 2018 मध्ये सुरू झालं, डिसेंबर 2020 मध्ये संपलं. 27 अंक, त्यांचे 6 खंड, बस्स. इमेज कॉमिक्स ही अमेरिकेतली प्रकाशनसंस्था 1992 मध्ये चित्रकारांनीच काढलेली, आणि तिथे गोष्टीची मालकी ती करणाऱ्यांकडेच राहते. त्यामुळे खप आहे म्हणून गोष्ट पन्नास वर्षं ओढत नेण्याची सक्ती कुणावर नसते. याला खराखुरा शेवट आहे.

लेखक जेफ लमीर, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात एसेक्स काउंटी म्हणून शेतीचा भाग आहे, तिथे वाढलेला. चित्रं अँड्रिया सोरेंटिनो या इटालियन चित्रकाराची, रंग डेव्ह स्टुअर्टचे, अक्षरं स्टीव्ह वाँड्सची. 2019 चा सर्वोत्कृष्ट नव्या मालिकेचा आयझनर पुरस्कार याला मिळालाय. कॉमिक्सच्या जगात तो सगळ्यात मोठा मानतात.

आता गोष्ट. गिडियन फॉल्स हे अमेरिकेतलं एक लहानसं गाव. सपाट शेतं, एक चर्च, एक शेरिफ (तिथला पोलीसप्रमुख), सगळे सगळ्यांना ओळखणारे. तिथले फादर अचानक वारतात आणि त्यांच्या जागी बिशप दुसऱ्या फादरांना पाठवतात. हे फादर फ्रेड. वय झालेलं, दारू सोडलेली पण दारूने सोडलंय की नाही याची खात्री नाही, श्रद्धेचीही तीच अवस्था. त्यांना या गावात यायचं नाहीये. बदली झाली म्हणून आलेत.

इथे मला वसईकर म्हणून जे कळलं ते कदाचित इतरांना तितकं लागणार नाही. आमच्याकडे धर्मग्रामात नवीन फादर येतात तेव्हा पहिल्या रविवारी सगळं गाव त्यांना मिस्सात न्याहाळत असतं. प्रवचन किती लांबतं, आवाज कसा आहे, आधीच्या फादरांसारखे घरोघर फिरतील की कार्यालयात बसून राहतील, यावर चर्चच्या आवारातच चर्चा. आधीचे फादर लाडके असले तर नव्याची काही खैर नाही, वर्षभर तरी तुलना चालते. लमीरने ही ओळखीची गोष्ट उचलली आणि तिला एक पिळा दिला: इथे आधीचे फादर गेलेले आहेत आणि तरीही रात्री खिडकीबाहेर उभे आहेत. फ्रेड त्यांच्यामागे अंधारात शेतात जातात. पुढे काय दिसतं ते मी सांगणार नाही. एवढंच की त्या शेतात कोठार नसतं, आणि त्या रात्री असतं. काळं. दाराच्या आतून लाल उजेड.

माझी बायको चर्चच्या गायनवृंदात आहे. तिने सुरुवातीची पानं चाळली आणि पुस्तक माघारी दिलं. “असले फादर नसतात,” म्हणाली. मी म्हटलं, अगं, असतात, आपल्याला सांगत नाहीत इतकंच. त्यावर उत्तर मिळालं नाही.

दुसरीकडे मोठ्या शहरात नॉर्टन नावाचा एक तरुण आहे. तोंडाला सर्जिकल मास्क लावून तो कचऱ्यातून फिरतो आणि लाकडाच्या ढलप्या, गंजके खिळे असलं काहीबाही वेचून घरी नेऊन बरण्यांत भरून ठेवतो. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी. त्याची पक्की खात्री आहे की हे सगळे एकाच वास्तूचे तुकडे आहेत आणि कुणीतरी ते शहरभर विखरून टाकलेत. तो आधी मनोरुग्णालयात राहून आलेला, त्यामुळे त्याचं कोण ऐकणार? त्याच्या डॉक्टर अँजी शू सुरुवातीला त्याच्याकडे पेशंट म्हणूनच बघतात. (हे पुस्तक 2018 चं आहे हे लक्षात ठेवा. मास्क लावलेला माणूस तेव्हा रस्त्यावर विचित्र दिसायचा. आज वाचताना त्या चित्रातला विक्षिप्तपणा थोडा कमी झालाय, त्याला इलाज नाही.)

खेड्यातला फादर आणि शहरातला कचरा वेचणारा यांचा संबंध काय, हा पहिल्या खंडाचा सगळा ओढा. आणि दोघांच्या मध्ये क्लारा सटन, गावची शेरिफ. तिचा धाकटा भाऊ लहानपणी नाहीसा झाला. तिचे वडील डॉक्टर, गावात सगळे त्यांना डॉकच म्हणतात, त्यांनी त्यानंतर उभं आयुष्य या कोठाराच्या मागे घालवलं. क्लाराला कोठार, दंतकथा, वडलांची कात्रणं, सगळ्याचा मनस्वी तिटकारा आहे. माझ्या मते ही मालिका खरी तिची आहे. फादर आणि नॉर्टन यांना भुतं दिसतात. तिला फक्त वडील दिसतात, हरवलेल्या मुलापायी घरात असलेल्या मुलीकडे न बघणारे. लमीर अशा जागी एक शब्द जास्त लिहीत नाही. तो स्वतः चित्रकार आहे, कुठे तोंड मिटायचं ते त्याला बरोबर कळतं.

पण मी हे सगळं लिहायला बसलो ते पानांसाठी.

साधारण कॉमिकचं पान म्हणजे चौकटींची रांग. डावीकडून उजवीकडे वाचा, खाली उतरा, पान उलटा. सोरेंटिनोही सुरुवात तशीच करतो, आणि मुद्दाम करतो. गावातली पानं शांत, आडव्या चौकटी, भरपूर आकाश. नॉर्टन कचऱ्यात काही वेचू लागला की मोठ्या चित्राच्या अंगावर लहान लहान चौकोन उमटायला लागतात, एकेका चौकोनात एकेक वस्तू अगदी जवळून: एक खिळा, लाकडाचा एक तुकडा, त्याची बोटं. तुम्ही ते बघता बघता त्याच्याच पद्धतीने बघायला लागता. कुठल्या तुकड्याला अर्थ आहे आणि कुठला निव्वळ कचरा आहे, हे तुम्हीही निवडायला लागता. “हा माणूस झपाटलेला आहे” असं एकही पात्र सांगत नाही. पानाची मांडणी ते तुमच्याकडून करवून घेते.

आणि कोठार आलं की पान मोडतं. हे शब्दशः घ्या. चौकटी तिरक्या होतात, फुटतात, काचेच्या चुऱ्यासारख्या डबल स्प्रेडभर, म्हणजे समोरासमोरच्या दोन्ही पानांवर, विखुरतात. काही ठिकाणी चित्र सरळ उलटं छापलेलं आहे, पुस्तक फिरवल्याशिवाय वाचता येत नाही. असं पान प्रथम समोर आलं तेव्हा माझ्या डोक्यात धंद्यातला विचार आला, की इम्पोझिशन (मोठ्या कागदावर पानं लावायची मांडणी) चुकलं, पानं उलटी लागली. कुठल्याही प्रेसवाल्याच्या पोटात गोळा यावा असं पान. मग लक्षात येतं की फिरवायला लावणं हाच हेतू आहे. वर काय, खाली काय, पुढचं पान कुठलं, हे ज्या क्षणी पात्राला कळेनासं होतं त्याच क्षणी ते तुमच्याही हातातून जातं. भीती दाखवायला रक्त, दात, राक्षस हे सगळं नंतर आहे, ते कुणालाही काढता येतं. वाचण्याची जी सवय आपण लहानपणी शिकून विसरूनही गेलो, तिच्यावरच हात घालायचा, हे मी तरी आधी पाहिलं नव्हतं.

विरार लोकलमध्ये हे पुस्तक वाचायच्या भानगडीत पडू नका, हेही त्यातच आलं. डबल स्प्रेड उघडायला दोन्ही कोपरं लागतात, आणि पुस्तक उलटं धरून वाचणाऱ्या माणसाला सीटवरचे लोक एक तर सरकून जागा देतात, नाही तर चौथी सीटही देत नाहीत.

रंगांबद्दल बोललो नाही तर माझ्या पगाराचा अपमान होईल. डेव्ह स्टुअर्टचे रंग बहुतेक पानांवर दबलेले आहेत. गावाला मातकट, पिवळसर झाक, शहराला राखाडी-निळी, कुठेच काही ओरडत नाही. लाल मात्र राखून ठेवलेला. तो येतो तेव्हा पूर्ण येतो. मॅजेंटा (छपाईतला गडद गुलाबी) आणि यलो दोन्ही भरून, खाली काळ्याचा भार, आणि शेजारच्या चौकटीतून रंग काढून घेतलेला, म्हणजे डोळा दुसरीकडे जाऊच नये. आमच्याकडे ग्राहक येतात आणि म्हणतात, सगळं उठून दिसलं पाहिजे. त्यांना दाखवायला हे पुस्तक आता माझ्या टेबलावर असतं. एका रंगाला उठायचं असेल तर बाकीच्यांना बसावं लागतं.

आणि तो काळा. नुसती काळी शाई छापली की मोठ्या भागात ती विटकी, करडी दिसते. खाली निळ्याचा वगैरे आधार दिला की खोल होते. पण तो आधार किती द्यायचा याला मर्यादा असते, जास्त झाला तर शाई वाळत नाही आणि मागच्या पानाला डाग लागतो. या पुस्तकात पानंच्या पानं काळ्यात बुडालेली आहेत आणि तरीही त्यात कोठाराच्या फळ्या वेगळ्या कळतात. कॅटलॉगवाल्या मुलीला मी सांगितलं, असा काळा देईन, पण मग शाई वाळायला वेळ दे. तोटा एकच, या पानांवर बोटांचे ठसे राहतात. हात पुसून वाचा.

सोरेंटिनोची एक गोष्ट मला खटकली. माणसं फोटोवरून बेतल्यासारखी वाटतात. बसलेली, विचारात असलेली असतील तोवर ते फार छान दिसतं, चेहऱ्यावरची एकेक सुरकुती खरी. पण पळताना, झटापटीत तीच माणसं थिजल्यासारखी होतात. पोज दिली, शटर दाबलं. पहिल्या दोन खंडांत पळापळ कमी म्हणून चालून जातं. पुढे जास्त आहे.

पुढे म्हणजे जिथे ही भुताची गोष्ट विज्ञानकथा व्हायला लागते. तिसऱ्या खंडापासून कळायला लागतं की कोठार म्हणजे झपाटलेली वास्तू एवढंच नाही, ते एका जगातून दुसऱ्यात जायचं दार आहे. गोष्ट एकोणिसाव्या शतकात जाते, एक यंत्र येतं, चौथ्या खंडाचं नावच त्या यंत्रावरून आहे, ‘पेंटॉक्युलस’. गिडियन फॉल्स एक नाही, अनेक आहेत. एका जगात घोडे आणि बंदुकीवाले, दुसऱ्यात भविष्यातलं शहर. कल्पना म्हणून ही झेप मला आवडली. पाप, सैतान, वाईट शक्ती या शब्दांत फादर ज्याच्याशी झुंजतायत, त्याच गोष्टीला दुसरा कुणी यंत्राच्या आणि मापांच्या भाषेत पकडायला बघतोय, आणि दोघांचीही पुरती दमछाक होतेय. श्रद्धावाला बरोबर की विज्ञानवाला, असला बाळबोध सामना लमीर लावत नाही, हे त्याचं शहाणपण.

पण तिसऱ्या खंडाला त्याने ‘स्टेशन्स ऑफ द क्रॉस’ हे नाव दिलंय, तिथे माझी अपेक्षा वाढली होती. स्टेशन्स ऑफ द क्रॉस म्हणजे आमची क्रुसाची वाट, ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी आम्ही ती करतो. चौदा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी थांबायचं, गुडघे टेकायचे, मग पुढे. त्यातलं सगळं बळ थांबण्यात आहे. या खंडात एक धर्मगुरू एका दुष्टाचा पाठलाग करत जगांमागून जगं ओलांडतो, तेव्हा थांबणं नेमकं राहून जातं. प्रत्येक जग एकापेक्षा एक देखणं, आणि आपण तिथे श्वास घ्यायच्या आत पुढचं. पाचव्या खंडात तर ‘विकेड वर्ल्ड्स’ या नावाखाली पात्रं वेगवेगळ्या जगांत विखुरलेली आहेत आणि त्यांचं काम फक्त कथानक इकडून तिकडे वाहून नेण्याचं. अँजी शू बाईंवर सगळ्यात अन्याय झालाय. पहिल्या खंडात हुशार, हट्टी, स्वतःचं मत बदलायची तयारी असलेली बाई. शेवटाकडे त्यांना धावण्यापलीकडे फारसं काही दिलेलं नाही.

शेवट काहींना अर्धवट वाटेल. बऱ्याच प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. मला त्याचा त्रास झाला नाही, कारण क्लारा आणि डॉक यांच्यात जे व्हायला हवं होतं त्याचा हिशोब मला पुरेसा वाटला. यंत्र नेमकं कसं चालतं हे मला कुठे समजून घ्यायचं होतं? शिवाय शेवटच्या अंकात सोरेंटिनोने पानाचे जे हाल केलेत ते पाहून मी आमच्या प्रेसमधल्या दोघांना हाका मारून बोलावलं. एकाने विचारलं, “याची फाइल पहिल्या झटक्यात पास झाली असेल का हो?” आमच्यात याहून मोठी दाद नाही.

आता घेण्याबद्दल. पहिला खंड ‘द ब्लॅक बार्न’, त्यात सहा अंक आहेत आणि मागे किंमत 9.99 डॉलर छापलीय. पहिला खंड स्वस्त ठेवून गळ टाकायची इमेजची तेव्हाची रीतच होती. आपल्याकडे तो कितीला पडतो हे विक्रेत्यावर आणि त्या दिवशीच्या डॉलरवर. मी ऑनलाइन मागवला त्या विक्रेत्याने नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठवला, कोपरा दुमडलेला आला. शक्य असेल तर दुकानात जाऊन हातात घेऊन, कणा बघून घ्या. पेपरबॅकची बाइंडिंग चिकटवलेली आहे, त्यामुळे डबल स्प्रेडचा मधला भाग थोडा घडीत गिळला जातो. नेमक्या त्या जागी चित्राचं काही महत्त्वाचं असलं की चुटपुट लागते. कणा दाबून सपाट करायला जाऊ नका, डिंक सोडेल. दोन भागांत हार्डकव्हर आवृत्तीही निघालीय, पहिल्या भागात 16 अंक. खिसा परवानगी देत असेल तर थेट तीच बघा.

मोबाइलचं आता सांगतो. डिजिटल कॉमिक्समध्ये एका वेळी एकच चौकट मोठी करून दाखवायची सोय असते. बाकीच्या कॉमिक्सना चालत असेल. इथे चौकट सुटी केली की उरतो तो कुठलाही भयपटाचा स्टोरीबोर्ड. टॅबलेटवर आडवं धरून अख्खं पान दिसत असेल तर एकवेळ ठीक, पण उलटी पानं आली की तो शहाणा स्क्रीन आपोआप फिरतो आणि सगळी मजा घालवतो. ऑटो-रोटेट बंद करा.

भाषा इंग्रजी, पण सोपी. माझं इंग्रजी प्रेसच्या ईमेलपुरतं आहे आणि माझं कुठे अडलं नाही. लहान मुलांच्या हातात देऊ नका. रक्त आहे, प्रेतं आहेत, आणि त्याहून वाईट म्हणजे एक हसणारा चेहरा आहे. आमची मुलगी कॉलेजात आहे, तिने सगळे खंड माझ्याआधी संपवले आणि तिला पाचवाच सगळ्यात आवडला. यावर आमचं घरात अजून मिटलेलं नाही.

शेवटची एक सूचना, मागवण्याबद्दल. सहाव्या खंडात एकच अंक आहे, शेवटचा, जाडजूड. पाचवा संपवून मग सहावा मागवू म्हणाल तर कुरिअर येईपर्यंत तळमळत बसाल. दोन्ही एकदम मागवा, आणि विक्रेत्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवायला सांगा.